पाव इंच माया

नारायण पेठेत एका जिन्याखाली आमच्या शिंप्यांचं दुकान होतं. नोकरीला लागलो तेव्हापासून माझे सगळे शर्ट त्यांनीच शिवले. मी त्यांना मास्तर म्हणत असे, ते मला साहेब म्हणत. कचेरीत मला कोणी साहेब म्हणत नसे, त्यामुळे मी गरजेपेक्षा जरा जास्तच शर्ट शिवून घेतले असण्याची शक्यता आहे.

सहा महिन्यांपूर्वी मास्तरांनी फोन करून बोलावलं. दुकान आवरायला काढलं होतं. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं होतं. मुलगा धायरीला राहायचा, त्याच्याकडे जाणार होते. त्यांनी मापांची वही काढली, माझं पान पट्टी लावून व्यवस्थित फाडलं आणि माझ्या हातात दिलं.

“हे तुमचं तुमच्याजवळ ठेवा,” ते म्हणाले. “नव्या शिंप्याला दाखवा. तो म्हणेल, मी माझं माप घेतो. तरी दाखवा.”

पानावर माझी छाती, पोट, गळा, बाही असे आकडे होते. पोटाचा आकडा बऱ्याच वेळा खोडून वर नवा लिहिलेला होता. खांद्याच्या आकड्यापुढे खाली टोक केलेला एक बारीक बाण होता आणि त्याच्यापुढे काही उभ्या रेघा. रेघा वेगवेगळ्या वेळी काढल्या असाव्यात, कारण शाई वेगवेगळी होती. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मी सरकारी कचेरीत आरेखक होतो. खडकवासल्याच्या कालव्यांचे नकाशे काढण्यात माझी तेहतीस वर्षं गेली. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि हात रिकामे होते. घरात बायकोचं शिलाई मशीन होतं, त्यावर पडदे आणि उशांचे अभ्रे होत. ते पान पाहता पाहता माझ्या मनात आलं की ज्याला कालव्याचं वळण काढता येतं, त्याला काखेचं वळण का काढता येऊ नये? हे मी बायकोला बोलून दाखवलं. ती शाळेत गणित शिकवायची, तीही निवृत्त झालेली आहे.

“कालवा कोणी अंगात घालत नाही,” ती म्हणाली.

त्याच सुमारास आमच्या मुलीचा साखरपुडा ठरला. तीन महिन्यांनी, कर्वेनगरातच, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या हॉलमध्ये. जेवताना मी जाहीर केलं की साखरपुड्याला मी स्वतः शिवलेला शर्ट घालणार.

“बाबा, सीरियसली?” मुलगी म्हणाली. “तू ऑनलाइन मागव ना. नाहीतर मीच मागवते. आई, तू सांग ना याला काहीतरी.”

“तू आता दुसऱ्या घरी चाललीस,” आई म्हणाली. “मला इथंच राहायचंय.”

दुसऱ्या दिवशी मी लक्ष्मी रस्त्यावर जाऊन फिकट निळं सुती कापड घेतलं. दुकानदाराने विचारलं, कुणाकडे शिवणार? मी म्हटलं, मीच शिवणार. तो म्हणाला, मग थोडं जास्त घ्या. मी घरून हिशेब करून गेलो होतो. भागांची मांडणी कशी करायची, कुठला तुकडा कुठल्या कोपऱ्यात बसेल, हे सगळं मी आलेखाच्या कागदावर काढलं होतं, आणि हिशेबात बसलं तेवढंच कापड घेतलं. कचेरीतही मी कधी जास्तीची मागणी केली नव्हती.

मग मी नकाशा काढला. अजूनही माझ्याजवळ ट्रेसिंग पेपरची एक गुंडाळी शिल्लक होती. जेवणाच्या टेबलावर ती पसरून मी पाठ, पुढचे दोन्ही भाग, बाही, कॉलर आणि कफ पूर्ण मापात काढले. मधोमध मध्यरेषा घातली. मापं बाणांनी दाखवली. उजव्या कोपऱ्यात खाली चौकट काढून त्यात आरेखन, तपासणी आणि मंजुरी असे तीन रकाने केले. आरेखनापुढे सही केली आणि कागद तपासणीसाठी बायकोपुढे ठेवला.

तिने चष्मा लावून तो नीट पाहिला.

“आकडे बरोबर आहेत,” ती म्हणाली. “पण सही करणार नाही.”

“का?”

“आकडे बरोबर आहेत एवढंच मला कळतंय.”

आठवडाभर आम्ही टेबलावर जेवलो नाही. मी कापड मध्यरेषेवर दुमडलं, कागद टाचण्यांनी लावला आणि कापलं. दुमडून कापलं की दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतात, याचा मला फार आनंद झाला. शिवणीसाठी कडेने पाव इंच जागा सोडली. नंतर मशीनवर बसलो. तीन सुया मोडल्या. पहिली कॉलर आतली बाजू बाहेर करून शिवली, ती उसवून परत शिवली. बाह्या बसवताना मात्र अडचण आली नाही. दोन्ही बाह्या मुंढ्यांत, म्हणजे काखेच्या गोलात, इतक्या सहज बसल्या की हे काम लोक उगाच अवघड समजतात असं मला वाटलं.

शर्ट झाला तेव्हा साखरपुड्याला एक महिना होता. इस्त्री करून मी तो घातला आणि बाहेरच्या खोलीत येऊन उभा राहिलो. बायको आणि मुलगी चहा पीत होत्या.

दोघींनी कप खाली ठेवले.

“बाबा, तू वाकडा का उभा आहेस?” मुलीने विचारलं.

“मी सरळ उभा आहे.”

“नाही, म्हणजे, नीट उभा राहा ना.”

मी आणखी सरळ उभा राहिलो. तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “चहा घ्या.”

मी कप उचलला. कप हनुवटीपर्यंत आला आणि तिथून वर येईना. जोर केला तेव्हा शर्टाची मागची बाजू पँटमधून बाहेर आली. हात खाली सोडले की ते आपोआप पाठीकडे जात होते, शाळेत ‘विश्राम’ म्हटल्यावर जायचे तसे. आरशात पाहिलं तर कॉलर उजवीकडे कलली होती, गळ्यापासून काखेपर्यंत तिरप्या चुण्या पडल्या होत्या आणि उजवी कड डावीपेक्षा खाली लोंबत होती. मी आत जाऊन नकाशा काढला आणि टेप लावून शर्टाचा प्रत्येक भाग मोजला. सगळी मापं बरोबर होती. त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. चूक सापडली असती तर दुरुस्त करता आली असती.

गुरुवारी शर्ट पिशवीत घालून स्कूटरने धायरीला गेलो. मास्तरांच्या सुनेने दार उघडलं आणि मला गॅलरीत नेलं. मास्तर खुर्चीत बसले होते. समोरच्या मोकळ्या जागेत इमारतीचं काम चाललं होतं, तिकडे त्यांचं तोंड होतं.

“साहेब का?” ते म्हणाले.

“ओळखलंत की.”

“आवाजावरून. मला आता मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. तुमचा चेहरा दिसत नाहीये, कान दिसताहेत.”

मी येण्याचं कारण सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी शर्ट हातात घेतला, उलटा केला आणि शिवणीवरून बोटं फिरवत गेले. काखेशी आल्यावर थांबले.

“बाह्या अदलाबदल झाल्यात,” ते म्हणाले. “उजवी डावीकडे लावलीत. बाहीलाही पुढची बाजू, मागची बाजू असते.”

“दोन्ही सारख्याच दिसत होत्या.”

“दिसतात. घाला बरं अंगात.”

मी तिथंच गॅलरीत शर्ट बदलला. ते उठून माझ्यामागे आले आणि दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. त्यांचे हात हलके होते.

“पानावरचा बाण पाहिला नाहीत?” त्यांनी विचारलं.

“पाहिला. त्याचा अर्थ कुठं लिहिला नव्हता.”

“तुमचा उजवा खांदा खाली आहे, साहेब. पहिल्यांदा आलात तेव्हा अर्धा इंच होता. मग वाढत गेला. मी दर पाच-सहा वर्षांनी एकेक सूत वाढवत आलो. एक रेघ म्हणजे एक सूत, इंचाचा आठवा भाग. आता सव्वा इंचावर आलाय.”

टेबलावर वाकून उजव्या हाताने रेघा ओढण्यात तेहतीस वर्षं गेली होती, तेव्हा कारण शोधायची गरज नव्हती. पण इतकी वर्षं रोज सकाळी आरशासमोर मी उभा राहिलो होतो. आरशात मला एक सरळ माणूस दिसत होता. तो मास्तरांनी शिवलेला होता.

“मला कधी सांगितलं नाहीत,” मी म्हणालो.

“सांगून काय झालं असतं? तुम्ही मुद्दाम सरळ उभं राहायला लागला असता. माझा शर्ट बिघडला असता.”

ते परत खुर्चीत बसले. मी विचारलं, हा उसवून उजवीकडे कमी आणि डावीकडे जास्त असं करता येईल का? त्यांनी शिवणीची कड चिमटीत धरली.

“माया किती ठेवलीत?”

माया म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं सोडलेलं कापड. मी अभिमानाने सांगितलं, सगळीकडे एकसारखी, पाव इंच.

“पाव इंचात काही होत नाही. इंचभर तरी हवी. एवढी काटकसर कशाला?”

“कापड वाया जाऊ नये म्हणून.”

“मग आता सगळंच गेलं,” ते म्हणाले आणि शर्टाची घडी घालून माझ्या मांडीवर ठेवली. घडी माझ्या इस्त्रीपेक्षा चांगली होती.

सुनेने कॉफी आणून दिली. कॉफी पिऊन मी निघणार होतो. मास्तर म्हणाले, “एक विचारू का? मी शिवलेला शेवटचा शर्ट कसा झाला होता? पांढरा, बारीक रेघांचा.”

तो शर्ट त्यांनी दुकान बंद करण्याच्या काही महिने आधी दिला होता. त्याचं तिसरं आणि चौथं काज भलतीकडेच पडलं होतं. बटणं लावली की पोटावर फुगा यायचा. मी तो एकदा घातला, नंतर फक्त स्वेटरच्या आत घातला, मग कपाटात ठेवला. त्या वेळी मास्तरांनी दुकानात विचारलं होतं, कसा झालाय? मी म्हणालो होतो, नेहमीसारखाच, फर्मास.

आत्ताही तेच म्हणायला तोंड उघडलं होतं. पण नुकतेच त्यांचे हात माझ्या खांद्यांवर होते.

“दोन काजं चुकली होती,” मी म्हणालो.

“कुठली?”

“तिसरं आणि चौथं.”

त्यांनी मान हलवली. “मला शंका होती. बोटाला लागलं होतं काहीतरी. म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही फर्मास म्हणालात.”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“वाटलंच असतं,” ते म्हणाले. “तुम्ही बोलला नाहीत म्हणून मी आणखी चार महिने दुकान चालवलं. कितीजणांची कापडं नासवली असतील, देव जाणे. सगळे छान छान म्हणून घेऊन गेले. शेवटी एका वकिलांच्या पँटचा एक पाय लांब झाला, त्यांनी मात्र पँट माझ्या टेबलावर टाकली आणि काय ते बोलले. त्या दिवशी मी मुलाला फोन केला.”

पुण्यातली माणसं तोंडावर बोलतात अशी आपली ख्याती आहे. दुकानदाराला बोलतात, रिक्षावाल्याला बोलतात, अनोळखी माणसाला तर आवर्जून बोलतात. मीही बोलतो. सोसायटीच्या सभेत मी पाण्याच्या टाकीवरून जे बोललो ते लोक अजून काढतात. पण ज्या एका माणसाला खरं सांगायला हवं होतं, त्याच्यापुढे मी गोड झालो होतो. मी माफ करा असं काहीतरी म्हणालो. ते मास्तरांना आवडलं नाही.

“तो शर्ट पुढच्या गुरुवारी घेऊन या,” ते म्हणाले. “टाकला नाहीत ना?”

घरी येऊन मी बायकोला खांद्याचं सांगितलं.

“हो,” ती भाजी निवडत म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

“रोज बघते मी तुम्हाला. म्हणून तर रस्त्याने तुमच्या डाव्या बाजूने चालते. तिकडून जरा उंच वाटता.”

पुढचे तीन गुरुवार मी धायरीला गेलो. पांढऱ्या शर्टाची चुकलेली काजं बुजवली तर खुणा राहणार होत्या, म्हणून पुढची पूर्ण पट्टीच बदलायची असं मास्तरांनी ठरवलं. त्या शर्टाच्या खालच्या दुमडीत त्यांनी तीन बोटं माया ठेवलेली होती, ती सोडवून पट्टीचं कापड निघालं. त्याला मध्ये एक जोड द्यावा लागला, तो पँटच्या आत जाईल असा खाली घेतला. सगळं काम हाताने. सुई माझ्या हातात, दोरा ओवायचं काम माझं, बघायचं काम माझं. दर दोन टाक्यांनंतर कापड त्यांच्याकडे द्यायचं, ते अंगठा फिरवणार आणि म्हणणार, उसवा. पहिल्या गुरुवारी दोन तासांत एक काज झालं. त्यांनी ते नखाने तपासलं आणि म्हणाले, “ह्यातून बटण जाईल. माझ्या वडिलांनी असं काज पाहून मला उपाशी ठेवलं असतं, पण बटण जाईल.”

दुसऱ्या गुरुवारी मी विचारलं, अजून शिवावंसं वाटतं का?

“रोज,” ते म्हणाले. मग थोडा वेळ समोरच्या इमारतीचा आवाज ऐकत बसले. “टाका आखडतोय तुमचा.”

साखरपुड्याला मी तो पांढरा शर्ट घातला. निळा कपाटात राहिला. मुलीने सकाळी तयार होताना एकदा पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, हा मस्त आहे. मग आधीच हा का नाही घातलास?” मी म्हटलं, थोडं काम बाकी होतं. व्याह्यांनी माझ्या शर्टाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते स्वतः फार चांगल्या कपड्यांत होते आणि घामाघूम झाले होते.

मास्तरांना मी घरी जाऊन आमंत्रण दिलं होतं. ते सुनेचा हात धरून आले. मुलीला आणि जावयांना आशीर्वाद दिले, मग मला शोधत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. लोकांदेखत त्यांनी माझ्या गळ्यापासून खाली पट्टीवरून बोट फिरवलं. पाचव्या काजापाशी बोट थांबलं.

“हे घाईत केलंत,” ते म्हणाले.

ते खरं होतं. त्या दिवशी केटररला भेटायचं होतं.

जेवणं झाल्यावर मी त्यांना पान आणून दिलं आणि शेजारी बसलो. त्यांच्या अंगावर पांढरा सदरा होता, मानेपाशी विरलेला. मी विचारलं, तुमचे कपडे आता कोण शिवतं?

“माझे मीच शिवायचो. आता आहेत ते पुरवतोय. मुलगा तयार आणतो, ते पाठीवर चढतात.”

मी म्हटलं, मी शिवू का?

त्यांनी पान चावणं थांबवलं. हॉलमधल्या गडबडीत त्यांना नीट ऐकू आलं नसेल असं मला वाटलं, पण ऐकू आलं होतं.

“कापड धुऊन, वाळवून मग कापायचं,” ते म्हणाले. “आणि दुकानदार जास्त घ्या म्हणाला तर जास्त घ्यायचं.”

त्यानंतरच्या गुरुवारी मी टेप आणि नवी वही घेऊन गेलो. गॅलरीत ते ताठ उभे राहिले. त्यांचं माप आजवर दुसऱ्या कोणी घेतलं नव्हतं, वडिलांनंतर. छाती, गळा, बाही मी मोठ्याने वाचत लिहून घेतली. पाठीवर टेप धरला तेव्हा मी थांबलो.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“तुमची पाठ वाकली आहे, मास्तर. मागची लांबी पुढच्यापेक्षा दीड इंच जास्त धरावी लागेल.”

“दीड?”

मी परत मोजलं. “पावणेदोन.”

“मग पावणेदोन लिहा,” ते म्हणाले. “आणि डावा खांदाही बघून घ्या. मशीनवर कापड सरकवायचा हात तोच.”

तो सदरा सध्या शिवायला घेतला आहे. पाठ आणि पुढचे दोन्ही भाग जोडून झालेत, उजवी बाही उजवीकडे लागली आहे. मास्तरांनी ती आतापर्यंत दोनदा उसवायला लावली. नकाशावर तपासणीच्या रकान्यात सही करायला बायको अजून तयार नाही. तिचं म्हणणं, आधी बाही राहू दे.